उसातला बिबट्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, अकोले, संगमनेर, निफाड. या बागायती पट्ट्यात ग्रामसभेचा विषय कुठलाही असो, शेवटी गाडी बिबट्यावर येतेच. तिथे हमखास येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांना आधार आहे तो गेल्या वीस-पंचवीस वर्षांत याच भागात झालेल्या अभ्यासांचा. जिथे माझं स्वतःचं मत आहे तिथे ते तसं कळेल.

बिबट्या जंगल सोडून गावात का आला?

बहुतेक बिबटे जंगल सोडून आलेलेच नाहीत. त्यांचा जन्मच उसातला.

कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालवे फिरले आणि बाजरी-मठाच्या रानात ऊस उभा राहिला. आडसाली लागण जुलै-ऑगस्टात होते आणि हा ऊस सोळा-अठरा महिने शेतात असतो. बिबट्याची मादी साधारण तीन महिने गाभण असते. म्हणजे एकाच उसात ती गाभण राहते, विते आणि पिल्लं तिच्यामागे चालायला लागतात, तरी फड तसाच उभा. आत गारवा, शेजारी चारीला पाणी, आणि बांधाच्या आत माणूस शिरतो तो फक्त पाणी धरायला. वस्तीवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या. तोड झाली की मादी शेजारच्या फडात जाते, तोडलेल्या उसाचा खोडवा पुन्हा फुटून वाढला की परत येते. डोंगरातलं जंगल तुटलं म्हणून बिबट्या खाली उतरला ही गोष्ट भाषणात बरी वाटते, पण आज उसात फिरणाऱ्या कित्येक बिबट्यांनी डोंगर पाहिलेलाही नसेल.

नक्की आहेत तरी किती?

राज्यात २०२२ च्या गणनेनुसार १,९८५. देशात १३,८७४. पण ही गणना मुख्यतः वाघांच्या जंगलांतली आहे, उसातले बिबटे तिच्यात जवळजवळ धरलेलेच नाहीत. त्यामुळे हा आकडा दाखवून कोणी “तुमच्या तालुक्यात फार नाहीत” म्हणालं तर ऐकू नका, आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारे हजारांतले आकडेही तेवढेच हवेतले.

रानातली खरी मोजणी कशी असते त्याचं चांगलं उदाहरण अकोले तालुक्याचं आहे. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या १७९ चौरस किलोमीटर शेतीच्या भागात कॅमेरे लावले. तिथे अभयारण्य नाही, वाघ नाही, हरणं नाहीत. चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं आहेत. पायवाटेच्या किंवा ओढ्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक कॅमेरा बांधतात, जनावर मधून गेलं की दोन्ही कुशींचे फोटो एकाच वेळी निघतात. दोन्ही कुशी लागतात, कारण बिबट्याच्या डाव्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी उजव्या अंगाशी जुळत नाही, आणि एका बिबट्याची दुसऱ्याशी तर नाहीच. फोटो शेजारी शेजारी ठेवून कुठला नवा, कुठला कालचाच, हे ठरवतात, आणि तोच बिबट्या किती वेळा पुन्हा पुन्हा आला यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधतात. उत्तर निघालं शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे, आणि जवळजवळ तेवढेच तरस. २०१३ मध्ये हा शोधनिबंध छापून आला तेव्हा बाहेरच्या लोकांना नवल वाटलं ते घनतेचं. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की एवढे बिबटे असूनही त्या काळात त्या भागात माणूस मारला गेला नव्हता.

हरणं नाहीत, मग तो खातो काय?

मुख्यतः कुत्री.

हे विष्ठेवरून कळतं. वाळलेली विष्ठा धुवून, गाळून तिच्यातले केस वेगळे करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कुत्रं, मांजर, शेळी, डुक्कर, प्रत्येकाच्या केसाची रचना वेगळी असते. अकोल्याच्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला. त्यात कुत्री ३९ टक्के, मांजरं १५, शेळ्या ११. आता गंमत अशी की त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या. तरी बिबट्याने कुत्रंच जास्त खाल्लं, कारण शेळी रात्री कोंडलेली असते आणि कुत्रं उकिरड्यापाशी मोकळं असतं.

म्हणजे हॉटेलचं उष्टं, पोल्ट्रीच्या मेलेल्या कोंबड्या आणि लग्नकार्याच्या पत्रावळी ओढ्यात टाकणारं गाव स्वतःच्या हाताने कुत्री पोसतं, आणि कुत्री बिबट्याला. हे ग्रामसभेत बोललं की पोल्ट्रीवाले खाली मान घालतात आणि विषय बदलतो.

पकडून लांब जंगलात सोडून का देत नाहीत?

हा प्रयोग झालेला आहे, आणि जुन्नरनेच त्याची किंमत मोजली आहे.

२००१ पासून जुन्नर वनविभागात पिंजरे लावून बिबटे पकडायचे आणि सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलात सोडायचे असा कार्यक्रम सुरू झाला. वर्षाला सरासरी २९ बिबटे. हेतू चांगलाच होता. त्याआधी, १९९३ ते २००१ या काळात, माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. कार्यक्रम सुरू झाल्यावर ते सतरापर्यंत गेले. त्यांतले जीवघेणे ठरलेले हल्ले आधी १८ टक्के होते, ते ३६ टक्के झाले. सोडणं थांबवल्यावर हल्ले कमी झाले. २०११ मध्ये ही आकडेवारी रीतसर प्रसिद्ध झाली. बिबटे हलवण्याविषयी जगात कुठेही चर्चा निघाली तरी जुन्नरचं नाव निघतं ते या अभ्यासामुळे.

असं का झालं असेल? बिबट्या एकट्याने राहणारा आणि हद्द सांभाळणारा प्राणी आहे. आपल्या हद्दीत कुठली वस्ती कधी जागी असते, कुठलं कुत्रं बांधलेलं असतं, माणसाला कुठे टाळायचं, हे त्याला पाठ असतं. पिंजऱ्यात तो आठ-दहा दिवस दात मोडेपर्यंत गज चावतो, गर्दीचा आरडाओरडा सोसतो, आणि मग अनोळखी रानात उतरवला जातो. तिथे आधीच दुसऱ्याची हद्द असते. तो निघतो परत, आणि वाटेतल्या प्रत्येक वस्तीला तो परका असतो, त्याला ती परकी. इकडे त्याची रिकामी जागा आजूबाजूचे कोवळे नर महिन्या-दोन महिन्यांत धरतात. पकडलेला एक, आलेले दोन, असंही होतं.

बिबट्या किती चालतो हे ‘आजोबा’ने दाखवलं. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला हा वयस्क नर. त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. तिथून तो शहापूर-कसाऱ्याकडून रेल्वेमार्ग, महामार्ग आणि शेकडो वस्त्या ओलांडत थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगत पोचला. सरळ रेषेत नव्हे, चालून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. या सगळ्या प्रवासात त्याने माणसाला हात लावला नाही. २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीखाली तो मेला.

मग पिंजरा लावायचाच नाही का?

लावायचा, पण कशासाठी ते ठरवून. बिबट्या नुसता दिसला, कुत्रं नेलं, सीसीटीव्हीत आला, एवढ्यासाठी पिंजरा हे माझ्या मते लोकांचं आणि पुढाऱ्यांचं समाधान आहे. पण माणसावर एकामागून एक हल्ले होत असतील तर तिथे थांबायचं कारण नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक अशा बिबट्याला पकडायची, बेशुद्ध करायची आणि तेही शक्य नसेल तर मारायची लेखी परवानगी देऊ शकतात. कायदा आडवा येतो हे अर्धसत्य आहे.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन माणसं गेली, त्यांत दोन लहान मुलं. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. अखेर एक बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. त्या दिवसांत तिथल्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जात होत्या, धनगरांच्या कुत्र्यांना असतात तसले. अशा घरात जाऊन ‘सहजीवना’वर बोलणाऱ्या माणसाला हाकलून दिलं तर मी त्या घराच्या बाजूने आहे. आधी धोका दूर करायचा, बोलायचं ते नंतर.

अडचण आहे ती पुढची. पकडलेला ठेवायचा कुठे? माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र पकडलेल्या आणि जखमी बिबट्यांनी केव्हाच भरलं आहे, आणि एकदा आत गेलेला बिबट्या पुढे दहा-बारा वर्षं खायला मागतो.

नसबंदीचं काय?

जुन्नर विभागातल्या मोजक्या बिबट्यांवर प्रयोग म्हणून परवानगी मिळाली आहे. त्यातून काय निघतं ते पाहायला हवं. माझी शंका साधी आहे: नसबंदी केलेला बिबट्या उद्याही भुकेला असतोच, आणि उसात लपलेल्या माद्यांपैकी पुरेशा माद्या पकडल्याशिवाय संख्येवर फरक दिसणार नाही. दहा वर्षांनी उपयोग होईलही. यंदाच्या तोडीला मात्र होणार नाही.

तो माणसावर हल्ला का करतो, आणि कोणावर?

उभा माणूस त्याच्या भक्ष्याच्या आकारात बसत नाही. म्हणून धोका सर्वांत जास्त लहान मुलांना, आणि बसलेल्या किंवा वाकलेल्या माणसाला. गवत कापणारी बाई, उघड्यावर शौचाला बसलेला माणूस, अंगणात अंधारात जेवणारं पोर. बहुतेक वेळा मागून झडप येते, मानेवर. अचानक समोरासमोर गाठ पडली, पिल्लं जवळ असली, किंवा गर्दीने घेरलं, तर तो बचावासाठी पंजे मारतो. हा हल्ला वेगळा. बिबट्या दिसल्यावर दोनशे माणसं मोबाइल घेऊन धावतात तेव्हा जे जखमी होतात, ते या दुसऱ्या प्रकारातले.

समोर आलाच तर पळू नका, खाली बसू नका. हात वर करा, मोठ्याने बोला, तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरका. पोर सोबत असेल तर वाकून नव्हे, गुडघ्यातून झुकून पटकन उचलून घ्या.

रात्री दोनला लाइट येते, पाणी धरायला जावंच लागतं. सावध राहा म्हणजे काय करू?

बरोबर प्रश्न. ‘रात्री एकटे शेतात जाऊ नका’ असा फलक लावणं सोपं आहे. शेतीपंपाला लागणाऱ्या थ्री-फेज विजेचं वेळापत्रक शेतकऱ्याने लावलेलं नसतं.

गळ्यात पट्टा बांधलेल्या बिबट्यांच्या नोंदींत एक गोष्ट स्पष्ट दिसली: दिवसा ते घरांपासून लांब, उसात दडून असतात आणि रात्री घरांच्या अगदी जवळून जातात. म्हणजे त्यांनी आपल्यापासून वेळ वाटून घेतली आहे. दिवस आपला, रात्र त्यांची. शेतीला रात्रीची वीज देऊन ती वाटणी आपणच मोडतो. म्हणून मला विचाराल तर या पट्ट्यातलं सर्वांत मोठं वन्यजीव संरक्षणाचं काम वनखात्याच्या नव्हे, वीज कंपनीच्या हातात आहे. सौर कृषी वाहिनी योजनेतून जिथे दिवसा आठ तास वीज मिळायला लागली, तिथे हा प्रश्न निम्मा सुटतो. ग्रामसभेचा ठराव करायचाच असेल तर पिंजऱ्याबरोबर दिवसाच्या विजेचाही करा.

तोवर दोघांनी जा, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावा, हातात बॅटरी आणि काठीला घुंगरू ठेवा. फडात शिरण्याआधी बांधावरूनच आवाज द्या. बिबट्याला आपण येतोय हे कळलं की तो बहुधा बाजूला होतो, त्याला दचकवू नये एवढंच.

गोठ्याला काय करावं?

पैसा खर्च करायचा असेल तर इथेच करा. बांधलेली शेळी उघड्या छपरात असेल तर बिबट्याला ते वाढलेलं ताट आहे. भिंत किंवा जाळी वरपर्यंत, छपरालाही जाळी, आणि दार आतून-बाहेरून कडी लागणारं. फक्त उंच भिंत घातली आणि वर उघडं ठेवलं तर फायदा नाही, कारण तो चढतो, आणि आत अडकला तर एकाऐवजी पाच-सहा शेळ्या मारतो. जाळी साखळीची किंवा जाड वेल्डमेशची घ्या. कोंबड्यांची पातळ जाळी तो फाडतो. मेंढपाळांना उघड्यावरच बसावं लागतं. त्यांच्यासाठी तंबू आणि सौरदिवे देण्याचं काम वनखातं जुन्नर भागात करतं, मागणी लावून धरा.

तोडीत पिल्लं सापडली. काय करायचं?

हात लावू नका, फोटोसाठी मांडीवर घेऊ नका, तोड त्या ठिकाणी थांबवा. १९२६ या वनखात्याच्या हेल्पलाइनला फोन करा.

मादी लांब गेलेली नसते. वनखात्याची माणसं आणि पशुवैद्य पिल्लं तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात. वर हलकं झाकण, बाजूला कॅमेरा. रात्री मादी येते, क्रेट पंजाने कलंडवते, एकेक पिल्लू मानेला धरून नेते. जुन्नर-आंबेगाव भागात हे कितीतरी वेळा यशस्वी झालं आहे. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवतात. पिल्लं गावातच ठेवून घेतली किंवा दुसरीकडे हलवली, तर मादी त्या वस्तीभोवती चिडून फिरते, आणि मग त्रास त्याच वस्तीला.

तोडणी कामगारांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. बीड, नगरकडून आलेली ही माणसं फडाच्या कडेला खोपटात राहतात. दार नसतं, लाइट नसते, आई पहाटे तोडीला आणि पोरं खोपीत. इथल्या बिबट्याची सवय ना त्यांना, ना त्यांच्या मुलांना. कारखान्याने त्यांना निदान दिवा आणि मुलांसाठी बंद खोली द्यावी, ही मागणी नवी नाही.

विहिरीत पडला तर?

गर्दी हटवा, ही पहिली गोष्ट आणि सर्वांत अवघड. बिबट्या पोहतो, पण कठडा नसलेल्या विहिरीत धरायला काही नसतं. तोवर दोरांना बांधून एखादी बाज खाली सोडा, तो तिच्यावर चढून बसतो. पुढचं काम वनखात्याचं: पिंजरा खाली सोडणं, किंवा शिडी लावून, माणसं लांब करून त्याला रात्री आपसूक जाऊ देणं. विहिरीला कठडा बांधणं त्याहून स्वस्त.

भरपाई किती, आणि कशी?

माणूस गेला तर वारसांना २५ लाख रुपये. कायमचं अपंगत्व आणि जखमांसाठी वेगळे दर. जनावराला बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा त्या प्रकारच्या जनावरासाठी ठरलेली कमाल रक्कम, यांतली कमी असेल ती. दर शासन निर्णयाने बदलतात, म्हणून वनरक्षकाकडून ताजे विचारून घ्या.

अर्ज फेटाळला जातो तो बहुतेकदा दोन कारणांनी. ४८ तासांत कळवलं नाही, किंवा मेलेलं जनावर पंचनाम्याआधी हलवलं. शेळी मेली की ती तशीच ठेवून, फोटो काढून, आधी फोन.

ठसा बिबट्याचा की तरसाचा?

नखं उमटली असतील तर बिबट्या नाही. मांजर कुळातले प्राणी चालताना नखं आत घेतात, कुत्र्याची आणि तरसाची नखं मातीत दिसतात. तरसाचे पुढचे पंजे मागच्यांपेक्षा ठळक मोठे असतात. ‘बिबट्या आला’ म्हणून गाव जागं राहतं ते अनेकदा तरसापायी.

मुंबईत कसं जमतं मग?

संजय गांधी उद्यान अवघं १०४ चौरस किलोमीटर, भोवती दोन कोटींचं महानगर, आणि २०१८ च्या अभ्यासात तिथे ४७ बिबटे मोजले गेले. २००४ च्या आसपास तिथे हल्ल्यांचा कहर झाला होता. २०११ पासून वनखातं, संशोधक आणि मुंबईकर एकत्र आले. वस्त्यांत कचरा, दिवे, शौचालयं यांवर काम झालं, पत्रकारांशी बोलणी झाली. हल्ले खूप घटले. संपले नाहीत: २०२१ आणि २०२२ मध्ये उद्यानालगतच्या आरे वसाहतीत पुन्हा झाले. शिवाय मुंबईकराला रात्री पाणी धरायला जावं लागत नाही, त्यामुळे तिथलं सगळं इथे जसंच्या तसं लागू होत नाही.

मुंबईचे बिबटे वर्षाला दीडेक हजार भटकी कुत्री खातात आणि त्यामुळे कुत्रं चावण्याचे प्रकार कमी होतात, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. अभ्यास चांगला आहे. ज्याचं राखणीचं कुत्रं गेलं त्याला मात्र तो सांगू नका.

आमच्याकडे वाघोबाला नारळ देतात. त्याचा काही उपयोग आहे का?

संशोधकांनाही हा प्रश्न पडला होता. पालघर, ठाणे, मुंबईच्या वारली पाड्यांत त्यांनी वाघोबाची दीडशेच्या आसपास ठाणी नोंदवली. वाघबारसेला पूजा झाली नाही, मान दिला नाही, तर वाघोबा नुकसान करतो, असा तिथे समज आहे. म्हणजे बिबट्याने शेळी नेली की तो गुन्हेगार ठरत नाही, आपल्याकडून काही राहिलं का हे आधी पाहिलं जातं. अकोल्याच्या डोंगरपट्ट्यातही महादेव कोळी वाघबारस करतात. याने बिबट्या दूर राहतो असं कोणी म्हणत नाही. रागाचा पारा मात्र खाली राहतो, आणि बिबट्याच्या मागे काठ्या घेऊन धावण्याआधी माणूस थोडा थांबतो. पूजेबरोबर गोठ्याला जाळीही हवीच, हे तिथली म्हातारी माणसंच सांगतात.

ओढ्यात झाडाला हिरवट डबा बांधलेला दिसला. काढून टाकला तर चालेल?

तो कॅमेरा आहे. काढू नका. माणसांचे फोटो त्यात निघतात हे खरं आहे, आणि ते बाजूला काढून पुसायची पद्धत आहे; तरी तुमच्या वाटेवर आहे म्हणून हरकत असेल तर डब्यावरच्या नंबरला फोन करून जागा बदलायला सांगा, बदलतात. सरपंचाला न विचारता लावला असेल तर तेही सुनवा. आणि कार्ड काढून गेल्यावर ‘आमच्या ओढ्याला काय काय निघालं’ हे विचारायला विसरू नका. फोटो गावाला दाखवायला हवेत. बिबट्याबरोबर उदमांजर, रानमांजर, साळिंदर आणि चोरून वाळू उपसणारा ट्रॅक्टर, असं सगळंच त्यात असतं.